मूल दार लावून घ्यायच्या वयात असताना कॅन्सर : आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार अडीच वर्षं चालले. ते संपल्यापासून मी पालकांच्या एका गटात जाते आणि नवीन आलेल्यांच्या शेजारी बसते. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. खालचे प्रश्न त्या खोलीत इतक्या वेळा ऐकलेत की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आता कुठला प्रश्न येणार ते ओळखता येतं. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचे. ते सोडून जे उरतं, त्याबद्दल हे पान आहे.

लहान मुलांच्या कॅन्सरबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं, मोठ्या माणसांच्याही. तेरा ते एकोणीसमधली मुलं मध्येच लोंबकळत राहतात. पहिल्यांदा ॲडमिट केलं तेव्हा आमचा मुलगा लहान मुलांच्या वॉर्डात होता. भिंतीवर ससे रंगवलेले, आणि पाय पलंगाच्या बाहेर. दोन दिवस तो पाय पोटाशी घेऊन झोपला.

निदान होऊन आठ दिवस झाले. डॉक्टर बोलतात ते डोक्यात शिरतच नाही. माझं काही बिघडलंय का?

नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर आमच्याशी पाऊण तास बोलले. त्यातलं मला आठवतं ते एवढंच, की त्यांच्या पेनाला टोपण नव्हतं. धक्का बसलेला माणूस ऐकतो पण साठवत नाही. डॉक्टरांनाही हे माहीत असतं, त्यामुळे तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताना ओशाळू नका.

एक वही करा. प्रश्न सुचेल तेव्हा लिहायचा, मग रात्रीचे तीन वाजलेले का असेनात. डॉक्टरांना भेटताना घरातलं किंवा ओळखीतलं असं कोणीतरी सोबत न्या, ज्याला रडू न येता लिहिता येईल. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं तरी चालतं. भूक न लागणं, छातीत धडधडणं, सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटणं, हे पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांना होतं. बहुतेकांचं ते वर्षभरात हळूहळू ओसरतं. काहींचं नाही ओसरत. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तीन महिने तो पाय दुखतो म्हणत होता आणि आम्ही ‘वाढीचं वय आहे’ म्हणून सोडून दिलं. आमच्यामुळे उशीर झाला का?

हा प्रश्न विचारला नाही असे पालक मला अजून भेटलेले नाहीत. थकवा, हाडं दुखणं, वजन उतरणं, गाठ, या प्रत्येकाला या वयात शंभर साधी कारणं असतात. खेळताना लागलं असेल, झोप पुरत नसेल, परीक्षा असेल. डॉक्टरही आधी तीच कारणं तपासून बघतात. शिवाय ही मुलं सांगत नाहीत. लाज वाटेल अशा जागी गाठ असेल तर महिनोन्‌महिने सांगत नाहीत.

कारणाबद्दल म्हणाल तर, या वयातल्या बहुतेक कॅन्सरच्या मागे आईबापांनी केलेली किंवा न केलेली कुठलीच गोष्ट सापडत नाही. साधारण दहा टक्के मुलांमध्ये आनुवंशिक दोष आढळतो, आणि तोही कोणी निवडून दिलेला नसतो. हे वाचून अपराधीपणा जाईल असं नाही. माझाही गेला नव्हता. दोष स्वतःकडे घेतला की निदान कोणीतरी जबाबदार आहे असं तरी वाटतं. कोणीच जबाबदार नाही हे पचवणं त्याहून जड. हा प्रश्न मनात घोळवण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘तीन महिने आधी आलो असतो तर उपचार बदलले असते का?’ उत्तर बहुधा तुमच्या कल्पनेपेक्षा सौम्य निघतं.

मुलाला खरं सांगायचं का?

सांगायचं. यावर माझं मत ठाम आहे, आणि ज्यांनी लपवून पाहिलं त्यांचं माझ्याहून ठाम आहे.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन असतो आणि औषधाच्या पिशवीवर लेबल असतं. ‘व्हिन्क्रिस्टिन’ हे केमोच्या औषधाचं नाव टाइप करायला त्याला दहा सेकंद लागतात. आमच्या गटातल्या एका वडिलांनी नर्सपासून आत्या-मामांपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मुलीसमोर तो शब्द काढायचा नाही, ‘रक्तात इन्फेक्शन झालंय’ एवढंच म्हणायचं. तिसऱ्या आठवड्यात उलगडा झाला की तिला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. ती का बोलली नाही? ‘बाबांना वाटतंय मला माहीत नाही. तेवढं तरी बरं वाटू दे त्यांना.’ घरभर माणसं असून ती पोरगी तीन आठवडे एकटी होती.

एका दमात सगळं सांगायची गरज नाही. आधी ‘तुला काय काय कळलंय?’ असं विचारा. मग ‘तुला किती जाणून घ्यायचंय, आणि कोणाकडून?’ काहींना टक्केवारीसकट सगळं हवं असतं, काहींना फक्त उद्या सुई कितीदा टोचणार तेवढंच. दोन्ही ठीक. तीन गोष्टी मात्र पहिल्याच बोलण्यात याव्यात: आजाराचं नाव, त्यावर उपचार काय, आणि ‘आम्हाला जे कळेल ते तुझ्यापासून लपवणार नाही.’ तिसरी गोष्ट पाळता येणार असेल तरच बोला. डॉक्टरांशी थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्या. तो तुमच्यासमोर जे विचारत नाही, ते तिथे विचारतो.

त्याच्यासमोर रडू आलं तर?

येऊ द्या. ‘मलाही भीती वाटते, पण उद्याची तारीख मला पाठ आहे आणि आपण जातोय’ असं म्हणणाऱ्या आईवर मुलाचा विश्वास बसतो. खोटं हसणाऱ्या आईवर बसत नाही. पण तुमचं सांत्वन करायचं काम त्याच्या अंगावर येता कामा नये. तो तुम्हाला पाण्याचा ग्लास आणून द्यायला लागला तर समजा, आता हे रडू दुसऱ्या कोणाकडे न्यायला हवं.

तो बोलतच नाही. दार लावून घेतो, नाहीतर अंगावर ओरडतो. मी काय करू?

गटात सगळ्यात जास्त वेळ ज्या प्रश्नावर जातो, तो हा.

या वयात मुलाला आईबापांपासून सुटं व्हायचं असतं. त्याची तयारीही झालेली असते, थोडा उद्धटपणा, थोडी गुपितं, मित्रांचा गोतावळा. आणि नेमक्या त्याच वेळी आजार त्याला उचलून परत तुमच्या मांडीवर आणून ठेवतो. उलटी झाली की भांडं तुम्ही धरता. शौचाला झाली का हे नर्स तुमच्यासमोर विचारते. त्याला या सगळ्याचा संताप येतो. कॅन्सरवर ओरडता येत नाही, डॉक्टरांवर ओरडायची भीती वाटते. मग उरता तुम्ही. तुम्ही कुठे जाणार नाही याची त्याला पक्की खात्री असते, म्हणून तुम्ही.

समोर बसून ‘बोल ना रे माझ्याशी’ म्हटलं की मूल शिंपल्यासारखं मिटतं. बोलणं होतं ते दोघं तिसरीकडे बघत असताना. गाडीत, एखादा खेळ बघताना, दिवा मालवल्यावर. आमच्याकडे ते ओपीडीच्या रांगेत व्हायचं, दोघांची नजर नंबरच्या बोर्डावर.

जे त्याच्या हातात देता येईल ते देऊन टाका. कुठल्या हाताला सुई, भेटायला कोण येणार आणि कोण नाही, खोलीतला दिवा चालू की बंद. मोठ्या निर्णयांत त्याला खुर्ची द्या आणि छोट्या निर्णयांत मधे पडू नका. केमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागले. टोपी आणू का, न्हाव्याला बोलवू का, असं मी दहा वेळा विचारून झालं होतं. एका रात्री त्याने स्वतःच बाथरूममध्ये ट्रिमर लावला. मी दाराबाहेर उभी. मशीनचा आवाज थांबला, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, ‘आई, मागचं राहिलंय, जमत नाहीये.’ मी आत गेले, मागचं काढलं, फरशी पुसली. दोघंही एक शब्द बोललो नाही. त्या वर्षातलं आमचं ते सगळ्यात चांगलं बोलणं असावं.

घरातले नियम सगळे उठवू नका. आजारी आहे म्हणून शिव्या चालणार नाहीत, हे सांगायला हरकत नाही. सगळी बंधनं एकदम सुटली की मूल मनात म्हणतं, आता आपलं काही खरं नाही.

रुसणं वेगळं आणि खचणं वेगळं. दोन आठवडे कशातच मन नाही, मित्रांचे मेसेजही उघडत नाही, ‘जगून काय करायचंय’ असं काही बोलला, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीमला सांगा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.

गोळ्या चालू झाल्यापासून हा माझा मुलगाच वाटत नाही.

स्टेरॉइड चालू आहेत का बघा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असताना मुलं क्षणात रडतात, क्षणात चिडतात, रात्रभर जागतात आणि राक्षसासारखी भूक लागते. औषध थांबलं की बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. कॅलेंडरवर त्या दिवसांना रंग द्या. घरातल्या सगळ्यांना ते दिसेल असं लावा, मुलालाही. ‘हे तू नाहीस, ही गोळी आहे’ हे ऐकून त्यालाच सगळ्यात जास्त हायसं वाटतं. फारच टोकाचं होत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचंच.

आंघोळ, कपडे, संडास. तो मला जवळ येऊ देत नाही आणि एकट्याला झेपत नाही.

जे त्याला जमतं ते त्यालाच करू द्या, तिप्पट वेळ लागला तरी. बाथरूममध्ये स्टूल ठेवा, कडी न लावता दार लोटून घ्यायचं ठरवा, आणि बाहेर उभे आहात हे आवाजाने कळू द्या. मदत कोणाची चालेल ते तो ठरवेल. आईला नाही म्हणणारा मुलगा बाबांना किंवा पुरुष नर्सला हो म्हणतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं खरंच काही नाही, पण वाटतं. ‘आई, तू तिकडे बघ’ असं म्हणत माझा मुलगा पाठ चोळून घ्यायचा. मी तिकडे बघायचे. ज्याला मी टबात बसवलं होतं त्याच्या पाठीचे मणके मोजता येत होते, आणि ते मी बघत नाहीये असं आम्हा दोघांचं ठरलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, केमोआधी वीर्य साठवून ठेवायचं का ते ठरवा. मुलगा पंधराचा आहे! हे कसं बोलायचं?

तुम्ही बोलायलाच हवं असं नाही. काही औषधं आणि काही ठिकाणचं रेडिएशन यांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. वयात आलेल्या मुलांचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात, मुलींच्या बाबतीत स्त्रीबीजं किंवा अंडाशयाचा तुकडा. हे शक्यतो पहिल्या डोसच्या आधी व्हायला हवं, आणि कधी कधी आजार तेवढा वेळ देत नाही. कोणी विषय काढला नसेल तर तुम्ही काढा. ‘आधी जीव वाचू दे, बाकीचं नंतर’ असं म्हणून हा विषय मागे टाकणाऱ्यांना नंतर फार हळहळताना पाहिलं आहे.

आमच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी दार उघडलं आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘विचारू नकोस.’ मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. फॉर्मवर सही केली, तेवढंच.

गोळ्या घेतल्या म्हणतो आणि उशीखाली सापडतात.

ल्युकेमियाच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांबलचक टप्प्यात, घरी रोज गोळ्या असतात, महिनोन्‌महिने. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. तीस दिवसांत दोन गोळ्या चुकल्या की आपण ९५ च्या खाली गेलो. म्हणजे प्रश्न गंभीर आहे. पण झडती घेऊन तो सुटत नाही. रोजची गोळी म्हणजे रोज एकदा ‘तू आजारी आहेस’ ही आठवण, आणि ती टाळली की तेवढा दिवस तो बरा असतो, त्याच्या हिशेबाने. हे एकदा त्याच्या तोंडून ऐकून घ्या. मग पोलिसाचं काम दुसऱ्याकडे सोपवा: फोनचा अलार्म, वारांचे कप्पे असलेली डबी, आणि हिशेब तुम्हाला न देता नर्सला. सापडलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांपासून लपवू नका. डोस त्यावरून ठरतात.

आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलायचंच विसरलोय.

एक जण रात्रभर वाचतो, दुसरा विषय काढू देत नाही. एकाला वाटतं दुसऱ्याला काही वाटतच नाही. दोघंही घाबरलेले असतात, घाबरण्याची तऱ्हा वेगळी. अशा आजारात संसार मोडतात असं बरेच जण ऐकवतील. नॉर्वेतल्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या तेव्हा मुलाच्या कॅन्सरमुळे घटस्फोट एकंदरीत वाढल्याचं दिसलं नाही. मोडत नाहीत, पण ताणले जातात, हे खरं.

आम्हाला एका गोष्टीचा उपयोग झाला. मी कायम हॉस्पिटलात आणि हे कायम घर-नोकरी, अशी वाटणी पडली होती. दोन महिन्यांनी आम्ही ती अदलाबदल केली. पहिल्याच रात्री ह्यांचा फोन, ‘इथे तू झोपतेस कुठे?’ त्या एका प्रश्नाने माझं निम्मं भांडण संपलं. एकट्याने मूल सांभाळत असाल तर ही अदलाबदल बहीण, मित्र, कोणाशीही करा, पण आठवड्यातली एक रात्र तरी करा.

धाकटी बहीण फार समजूतदार झालीय.

तेव्हाच तिच्याकडे बघा. समजूतदार झालेली भावंडं आपला त्रास खिशात घालून फिरतात. तिलाही आजाराचं नाव सांगा, हे संसर्गाने होत नाही आणि तिच्या एखाद्या भांडणामुळे झालेलं नाही हे शब्दांत सांगा. आठवड्यातला एक तास फक्त तिचा, त्यात दादाचा विषय नाही. तिने एकदा तरी चिडून ‘त्याचंच चालतं सगळं’ म्हटलं की मला बरं वाटतं.

नातेवाइकांचे फोन आणि सल्ले नकोसे झालेत.

सुसान सिल्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये एक सोपी गोष्ट सुचवली. मधे एक वर्तुळ काढा, त्यात आजारी माणूस. त्याभोवती दुसरं, त्यात सगळ्यात जवळचे. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. रडगाणं, राग, भीती बाहेरच्या दिशेला न्यायची. आतल्या दिशेला जाईल तो फक्त धीर आणि हातभार. एक चुलत सासूबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मीच त्यांना शांत करत बसले, तेव्हा मला हे चित्र माहीत असायला हवं होतं.

व्यवहारात असं करा: एक माणूस नेमा, जो सगळ्यांना आठवड्यातून एकदा मेसेज पाठवेल. मुलाने परवानगी दिली असेल तेवढंच त्यात. फोटो तर त्याला विचारल्याशिवाय कधीच नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला लगेच काम सांगा, धाकटीला क्लासला सोडायचं, बिलाच्या रांगेत उभं राहायचं. जे गायब होतील त्यांचा हिशेब आत्ता करू नका. आणि अमक्याने तमकं घेतलं आणि बरा झाला, असे उपाय सांगणाऱ्यांना एकच वाक्य: ‘डॉक्टरांना विचारून सांगते.’

रात्री उठून उठून कपाळाला हात लावते. झोपच लागत नाही.

हाताने ताप कळत नाही, थर्मामीटर वापरा. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप ही तातडीची गोष्ट असते. अनेक ठिकाणी ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, हा आकडा धरतात. तुमच्या टीमचा आकडा, फोन नंबर आणि रात्री कुठल्या दाराने आत जायचं, हे कागदावर लिहून दारामागे लावा. पिशवी भरून ठेवा. आकडा ठरला की भीतीला कुंपण पडतं. ती जात नाही, पण घरभर फिरत नाही.

स्कॅनच्या किंवा रिपोर्टच्या आधीची रात्र वेगळी. त्या रात्री झोप न येण्यावर मला उपाय सापडलेला नाही. रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार हे आधी पक्कं करून घ्या, निदान दिवसभर फोनकडे बघत बसावं लागत नाही.

मला स्वतःला मदत घ्यायची वेळ आलीय हे कसं ओळखू?

झोपायला मिळूनही झोप येत नाही. तो दिवस, तो कॉरिडॉर, तो वास पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो. हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलं की हातपाय गार पडतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढलाय. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. ‘मी नसलेलीच बरी’ असा विचार आला तर आजच, कोणाशी तरी.

यात चैन नाही आणि दुबळेपणाही नाही. २०१५ साली मुलांच्या कॅन्सरमधल्या मानसिक-सामाजिक काळजीचे पंधरा निकष प्रसिद्ध झाले, त्यातला एक निकष सरळ आईवडिलांच्या मानसिक आरोग्याची तपासणी व्हावी आणि त्यांना मदत मिळावी असं सांगतो. म्हणजे ‘आमच्यासाठी इथे कोण आहे?’ हे विचारणं तुमच्या मुलाच्या उपचारातच मोडतं. न विचारता कोणी सांगत नाही, असा माझा अनुभव.

कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांवर तपासून पाहिलेली एक पद्धत मला आवडते, साधी म्हणून. त्रासाचा एकच तुकडा निवडायचा, तो नेमका काय आहे ते लिहायचं, सुचतील तेवढे मार्ग मांडायचे, एक करून बघायचा, आणि जमलं का ते तपासायचं. साधारण आठ बैठकांत हे शिकवतात, आणि त्याने आयांचा ताण कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. माझा पहिला तुकडा होता, ‘बुधवारी ओपीडी आहे आणि धाकटीला शाळेतून कोण आणणार?’ कॅन्सरपुढे अगदी हास्यास्पद. पण तो सुटला त्या बुधवारी मी दुपारी झोपले.

उपचार लागू पडत नाहीयेत. तो विचारतो, ‘मी मरणार का?’

आधी त्याने हे तुम्हाला विचारलं, याचा अर्थ समजून घ्या. उत्तर पेलेल असं माणूस त्याने निवडलंय.

‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून विषय झटकू नका. ‘तुला कशामुळे वाटलं असं?’ विचारा आणि थांबा. पुष्कळदा मरणापेक्षा जवळची भीती बाहेर येते: दुखेल का, एकटा असेन का, तुमचं काय होईल. त्यातल्या पुष्कळशा गोष्टींना खरं उत्तर देता येतं. दुखणं आटोक्यात ठेवायला वेगळी टीम असते. तिच्या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी. तो शब्द ऐकून हातपाय गाळू नका, ती टीम निदानापासूनच सोबत असू शकते आणि असली तर बरं. त्याला काही ठरवायचं असेल, कोणाला काय द्यायचं, कोणाला भेटायचं, कुठे राहायचं, तर ऐकून घ्या, लिहून घ्या.

स्वीडनमध्ये मूल कॅन्सरने गेलेल्या पालकांना, मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होतात का, असं विचारलं. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना होता. म्हणजे न बोललेल्या बहुतेकांनाही पश्चात्ताप नव्हता, हेही तितकंच खरं. काही मुलांना बोलायचं नसतं, आणि त्यांच्या उशाशी नुसतं बसून राहणं हेही पूर्ण उत्तर असतं.

उपचार संपले, सगळे अभिनंदन करतायत, आणि मी आता कोसळलेय. असं कसं?

दोन वर्षं तुम्ही तारखा, काउंट (रक्तपेशींचे आकडे), डोस यांवर उभ्या होतात. तो सांगाडा एका दिवसात काढून घेतला. हॉस्पिटल होतं तोवर कोणीतरी बघत होतं, आता साध्या सर्दीलाही तुम्ही एकट्या. शिवाय रडायला आता कुठे वेळ मिळाला. बहुतेकांचं असंच होतं, फक्त पेढे वाटायच्या गडबडीत कोणी बोलत नाही. मेजवानी नको वाटली तर देऊ नका. आजार उलटण्याची खूण कुठली आणि साधं दुखणं कुठलं, पुढच्या तपासण्या कधी, उशिरा दिसणारे परिणाम कुठले, हे कागदावर लिहून मागा. तो कागद म्हणजे नवा सांगाडा.

मुलगाही गोंधळलेला असतो. वर्गमित्र दोन वर्षं पुढे गेलेले, आणि त्याला जे माहीत झालंय ते त्यांना सांगता येत नाही. त्याच्या वयाचे, त्यातून गेलेले एक-दोन जण भेटले तर आपल्या शंभर समजुतींपेक्षा जास्त काम होतं.

पालकांच्या गटात जाऊ का? दुसऱ्यांची दुःखं ऐकून आणखी खचायला होईल.

होऊ शकतं. दोनदा जाऊन बघा, नाही पटलं तर सोडा. एकाच माणसाशी फोनवर बोलणंही चालतं, शक्यतो ज्याचं मूल त्याच वयाचं आहे. चार वर्षांच्या मुलीच्या आईला तुमचा ‘तो मला आत येऊ देत नाही’ हा त्रास नाही कळणार.

आता तो वीस वर्षांचा आहे आणि म्हणतो, चेकअपला मी एकटाच जाणार. पाठवू?

पाठवा. आजारपणात आपण त्याची फाइल झालेलो असतो, सगळ्या तारखा, सगळी औषधं आपल्या डोक्यात. ती फाइल आता त्याच्याकडे द्यायची असते: कुठली औषधं मिळाली, किती, कशाची तपासणी आयुष्यभर करत राहायची. एका दिवसात नको. आधी डॉक्टरांच्या खोलीत तो बोलेल आणि तुम्ही गप्प बसाल, मग तुम्ही बाहेर बसाल, मग घरी.

पहिल्यांदा तो एकटा गेला त्या दिवशी मी तीन वेळा कपडे वाळत घातले आणि काढले. दुपारी मेसेज आला. काउंट नॉर्मल. पुढची तारीख सहा महिन्यांनी. उशीर होईल, मित्र भेटलाय.